1.024 वर अडकलेली बिअर

घरी बिअर करणाऱ्याला हा प्रसंग कधी ना कधी गाठतोच. आंबणं जोरात सुरू होतं, फेस चढतो, एअरलॉकमधून (आतला वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी झाकणावरची नळी) बुडबुड्यांची रांग लागते आणि अर्ध्या वाटेत सगळं थंडावतं. ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, साखर आंबत जाते तशी उतरते; ती जिथे उतरायला हवी तिथे उतरतच नाही. माझ्या मागच्या बॅचचं हेच झालं. ती शेवटी सुखरूप बाटलीत गेली, पण मधल्या काळात उपाय शोधताना एकमेकांना छेद देणारे इतके सल्ले समोर आले की काही सुचेना. एक म्हणतो ढवळा, दुसरा म्हणतो हातही लावू नका. एक म्हणतो साखर घाला, दुसरा म्हणतो यीस्ट. अशा वेळी जो एकटाच फर्मेंटरसमोर, म्हणजे आंबवायच्या भांड्यासमोर, बसला असेल त्याच्यासाठी, जे घडलं ते घडलं त्या क्रमाने लिहितो आहे.

घरी बिअर करण्याबद्दलचे कायदे जागोजागी वेगळे आहेत. कुठे ठरावीक प्रमाणापर्यंत मुभा, कुठे परवाना, कुठे साफ बंदी. आपल्या ठिकाणी काय आहे ते आधी पाहून घ्यावं.

बॅच साधी होती, 20 लिटरची पेल एल (उबदार तापमानाला आंबणाऱ्या एल प्रकारातली फिकट बिअर). जवाचा माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) 66 अंश सेल्सिअसला तासभर मॅश केला, म्हणजे गरम पाण्यात भिजवून त्यातली साखर काढली; ते गोड पाणी, म्हणजे वर्ट, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) घालून उकळलं, 19 अंशांपर्यंत थंड केलं आणि 11 ग्रॅमचं कोरड्या यीस्टचं एक पाकीट घातलं. ओजी, म्हणजे सुरुवातीची ग्रॅव्हिटी, 1.052 आली. पाकिटासोबतच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की हे यीस्ट 75 ते 80 टक्के साखर खातं. दशांशानंतरच्या 52 पैकी उरणारा एक चतुर्थांश म्हणजे 13, एक पंचमांश म्हणजे साधारण 10. तेव्हा एफजी, म्हणजे शेवटची ग्रॅव्हिटी, 1.010 ते 1.013 च्या दरम्यान यायला हवी होती. हा हिशेब यीस्ट घालायच्या दिवशीच वहीत लिहून ठेवावा. कुठे पोचायचं हे ठाऊक नसेल तर अडकलंय की संपलंय हे कळायला मार्गच नाही.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी फेसाचा जाड, पिवळट थर चढलेला होता आणि फर्मेंटरला चिकटवलेली तापमानपट्टी 21 दाखवत होती, खोली मात्र 17 अंशांवर होती. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. यीस्ट जोमात असताना स्वतःच उष्णता तयार करतं आणि बिअर खोलीपेक्षा तीन-चार अंश जास्त उबदार राहते. सगळं उत्तम चाललंय असं वाटत होतं, आणि तोवर खरंच उत्तम चाललं होतं.

मग थंडीची लाट आली. खोली रात्री 13 अंशांपर्यंत उतरायला लागली. एअरलॉक आधी मंदावलं, मग गप्प झालं. फेस बसला, भांड्याच्या कडेवर तपकिरी वलय उरलं आणि तळाशी गाळाचा घट्ट थर जमला. पट्टीवर आता 15 होतं. आठवडा उलटल्यावर नमुना काढला तर ग्रॅव्हिटी 1.024. दोन दिवस थांबून पुन्हा मोजलं, तरी 1.024.

तो आकडा पाहून पोटात गोळा आला. एवढ्या माल्टची, एवढ्या मेहनतीची बिअर, आणि चव घेतली तर गोडमिट्ट, जड. तरीही त्या दिवशी कशालाही हात लावला नाही, आणि आता मागे वळून पाहताना तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अडकलेल्या बॅचला लगेच काही होत नाही. अल्कोहोल तयार झालेलं असतं, पीएच उतरलेला असतो, हॉप्स असतात, वर कार्बन डायऑक्साइडचा थर असतो. झाकण उघडत राहिलं नाही तर विचार करायला आठवडाभर सहज मिळतो.

आधी मोजमापाची खात्री

पहिला प्रश्न हा, की आकडा खरा आहे का? एअरलॉकवर भरवसा ठेवू नये. झाकणाच्या रबरातून वायू निसटत असेल तर बिअर जोरात आंबत असतानाही बुडबुडे दिसत नाहीत, आणि खोली गरम झाली की आंबणं संपलेली बिअरही विरघळलेला वायू सोडून बुडबुडे काढते. खरं बोलतो तो हायड्रोमीटर, म्हणजे द्रवात तरंगून ग्रॅव्हिटी दाखवणारी काचेची नळी, आणि त्यालाही तपासून घ्यावं लागतं. 20 अंशांच्या शुद्ध पाण्यात तो बरोबर 1.000 दाखवतो का ते पाहिलं. काही हायड्रोमीटर 15.6 अंशांसाठी बनवलेले असतात, ते आतल्या कागदी पट्टीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. माझा बरोबर निघाला.

दुसरी गोष्ट नमुन्यातल्या वायूची. त्याचे बारीक बुडबुडे हायड्रोमीटरच्या दांड्याला चिकटतात आणि त्याला वर उचलून धरतात, त्यामुळे ग्रॅव्हिटी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. नमुना एका ग्लासातून दुसऱ्यात दहा-बारा वेळा ओतावा, फेस बसू द्यावा आणि हायड्रोमीटर सोडताना बोटांनी गर्रकन फिरवावा. वापरलेला नमुना परत फर्मेंटरमध्ये कधीही ओतू नये. चाखावा, हुंगावा, फेकून द्यावा.

रिफ्रॅक्टोमीटरबद्दल (प्रकाश किती वळतो यावरून साखर मोजणारं उपकरण) थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण खोटी घबराट इथेच सगळ्यात जास्त होते. दोन थेंबांत काम होतं म्हणून तो सोयीचा, पण अल्कोहोल तयार झाल्यावर त्याचा आकडा सरळ वाचता येत नाही. अल्कोहोलही प्रकाश वळवतं, आणि तो ते साखर म्हणूनच मोजतो. माझ्या नमुन्याला त्याने 9.5 ब्रिक्स (साखरेचं टक्क्यांतलं माप) दाखवले. सरळ रूपांतर केलं तर ते 1.038 होतात. ओजी धरून दुरुस्तीच्या सूत्रात घातलं तेव्हा ते 1.024 च्या आसपास आले आणि हायड्रोमीटरशी जुळले. यातून आणखी एक गोष्ट निघते. 1.052 ला सुरू होऊन 1.012 ला नीट संपलेली बिअरसुद्धा रिफ्रॅक्टोमीटरवर साडेसहा ब्रिक्सच्या जवळपास दिसते, म्हणजे वरवर पाहता 1.026. पूर्ण झालेल्या बिअरला अडकलेली समजून लोक तिच्यात काय काय ओतत असतील, याचा विचार करूनच वाईट वाटतं.

संसर्ग तर नाही?

ही भीती सगळ्यात आधी मनात येते, तेव्हा ती आधीच निकालात काढलेली बरी. टॉर्च घेऊन पारदर्शक भांड्यातून पृष्ठभाग पाहिला. पातळ, पांढुरकी, सुरकुतलेली साय दिसली असती किंवा आंबट, औषधी वास आला असता तर संशय घेतला असता. तसं काही नव्हतं. यीस्टचे तरंगणारे तपकिरी पुंजके आणि भांड्याच्या कडेचं वलय नेहमीचंच असतं, त्याला घाबरू नये. शिवाय बाहेरचं यीस्ट किंवा जिवाणू शिरले की बहुतेक वेळा उलटं होतं. नेहमीचं यीस्ट जी साखर सोडून देतं तीही ते खातात आणि ग्रॅव्हिटी अपेक्षेपेक्षा खाली जाते, 1.004 किंवा त्याहूनही खाली. वर अडकणं हे सहसा संसर्गाचं लक्षण नाही.

जंगली यीस्ट चव बिघडवतं हे मोठमोठ्या कारखान्यांनीही भोगलेलं आहे. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग कारखान्याची बिअर त्यापायी बिघडत होती, आणि 1883 साली त्यांच्या प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हान्सेन यांनी एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. आपण पाकीट फाडून निर्धास्तपणे ओततो ते त्या कामामुळेच. माझ्या मनाला त्या वेळी याचा खरोखर आधार वाटला. दोष घाणीत नाही, यीस्टच्या तब्येतीत शोधायचा, एवढं नक्की झालं.

ऊब आणि हलकंसं हलवणं

तापमानाचे रकाने पाहिले आणि चित्र स्पष्ट झालं. माझ्या वहीत दर ओळीला तारीख, वेळ, खोलीचं तापमान, बिअरचं तापमान, ग्रॅव्हिटी, वास आणि काही केलं असेल तर ते, असे रकाने आहेत. भरायला कंटाळवाणे, पण या बॅचमध्ये उत्तर तिथेच मिळालं. यीस्टचा जोम ओसरतो तेव्हा त्याची स्वतःची उष्णताही संपते. म्हणजे खायला कठीण साखर उरलेली असते, अल्कोहोल वाढलेलं असतं, आणि नेमक्या त्याच वेळी बिअर गार पडते. एल यीस्ट 15 अंशांना आलं की पुंजके करून तळाशी बसतं. सुरुवातीच्या तापमानाला सगळे जपतात. शेवटच्या तापमानाला जास्त जपायला हवं, असं माझं मत झालं आहे.

फर्मेंटरभोवती गरम पट्टा गुंडाळला, वरून घोंगडी घातली आणि दिवसाला दोनेक अंश या बेताने बिअर 21 अंशांवर आणली. मग झाकण न उघडता भांडं तिरपं धरून गोल गोल हळूच फिरवलं. तळाचा गाळ ढगासारखा वर उठला. इथे खळबळ होऊ द्यायची नाही. यीस्टला ऑक्सिजन हवा असतो तो अगदी सुरुवातीला, पेशींची आवरणं बांधण्यासाठी. अर्धी आंबलेली बिअर हवेशी घुसळली तर तिला ओल्या पुठ्ठ्यासारखी शिळी चव येते आणि ती मग जात नाही.

दुसऱ्या दिवशी एअरलॉक पुन्हा बोलू लागलं आणि केवढा आनंद झाला! पण तो टिकला नाही. ग्रॅव्हिटी 1.021 पर्यंत उतरली आणि तिथेच थांबली. उबेने थोडं काम झालं होतं, पुरतं नाही.

अर्धा लिटर बाजूला

आता दोनच शक्यता उरल्या होत्या. एक, आंबण्याजोगी साखर शिल्लक आहे पण यीस्ट थकलंय. दुसरी, यीस्ट ठीक आहे पण शिल्लक राहिलंय ते डेक्स्ट्रिन, म्हणजे लांब साखळ्यांची साखर, जी हे यीस्ट खाऊच शकत नाही. मॅशचं तापमान 70 अंशांच्या आसपास गेलं असेल तर असं होतं. माझा मॅश 66 चा होता, पण तो तापमापक किती खरा यावर सगळं अवलंबून. दोन्ही शक्यतांचे उपाय अगदी वेगळे. पहिलीत नवं यीस्ट लागतं. दुसरीत नवं यीस्ट घालणं फुकट, तिथे एकतर ती गोडी स्वीकारायची नाहीतर डेक्स्ट्रिन तोडणारं एन्झाइम घालायचं, आणि ते कुठे थांबेल यावर आपला ताबा राहत नाही.

हे ठरवायची एक सोपी चाचणी आहे. अडकलेल्या बॅचवर इतर कुठलाही उपाय करण्याआधी ती करावी, असं मी प्रत्येकाला सांगेन. निर्जंतुक केलेल्या काचेच्या बाटलीत अर्धा लिटर बिअर काढली. तिच्यात त्याच जातीच्या ताज्या यीस्टचं जवळजवळ अर्धं पाकीट घातलं, एवढ्याशा बिअरला भरमसाट वाटेल इतकं. तोंडावर फॉइल सैल ठेवलं आणि बाटली 25 अंशांच्या उबदार जागी ठेवून येता-जाता हलवत राहिलो. चवीची पर्वा करायची नाही, कारण ही बिअर प्यायची नाही. प्रश्न एकच: भरपूर यीस्ट आणि भरपूर ऊब दिली तर हे वर्ट किती खाली जाऊ शकतं?

पहिल्या काही तासांत काहीच दिसलं नाही. रात्री बाटली उजेडासमोर धरली तेव्हा काचेच्या आतल्या बाजूने मोहरीहूनही बारीक बुडबुडे सरळ रेषेत वर चढताना दिसले, आणि मानेपाशी फेसाची पातळ पांढरी कडा आली होती. दोन दिवसांनी बुडबुडे थांबल्यावर वायू काढून, गाळ बसू देऊन मोजलं. 1.012.

तो आकडा वाचून जीव भांड्यात पडला. साखर होती, मॅश निर्दोष होता, एन्झाइमची गरज नव्हती. शिवाय बॅच नेमकी कुठे थांबणार हेही कळलं होतं. माहितीपत्रकातला आकडा अंदाजाचा असतो, हा माझ्या वर्टचा स्वतःचा होता.

याच टप्प्यावर दुसरी एक गोष्ट उलगडली. यीस्टच्या पाकिटावरची मुदत संपलेली नव्हती, पण अगदी जवळ आलेली होती. मधल्या वाहतुकीत, साठवणीत ते किती तापलं असेल हे विकत घेणाऱ्याला कळत नाही. जिवंत पेशी कमी असतील तर सुरुवात ठीकठाक होते, पण शेवटच्या उतारावर दम संपतो. थंडी आणि अशक्त यीस्ट, दोन्ही एकत्र आलं होतं.

कामाला लागलेलं यीस्ट

इथे कोरडं यीस्ट थेट वर भुरभुरावं असा सल्ला खूप मिळतो. मला तो पटत नाही. सुप्तावस्थेतून जागं होणाऱ्या यीस्टला अल्कोहोल भरलेल्या, ऑक्सिजन नसलेल्या, सोपी साखर संपलेल्या बिअरमध्ये टाकलं तर बरंचसं काही न करताच तळाशी जातं. साखर घालण्याचा सल्ला तर त्याहून वाईट. यीस्ट आधी ग्लुकोज खातं, मग माल्टोज, सगळ्यात शेवटी माल्टोट्रायोज. अडकलेल्या बिअरमध्ये शेवटचे हे दोनच उरलेले असतात. त्यात सोपी साखर ओतली की यीस्ट तीच खातं आणि माल्टोज-माल्टोट्रायोज तसेच राहतात.

म्हणून स्टार्टर केला, म्हणजे थोड्या वर्टमध्ये यीस्ट आधीच कामाला लावलं. लिटरभर पाण्यात 100 ग्रॅम माल्टची भुकटी उकळली, थंड केली, त्यात ताज्या यीस्टचं आख्खं पाकीट घातलं. याला मात्र हवा मनसोक्त द्यायची, चांगला हलवायचा. फेस धरायला लागल्यावर त्यात फर्मेंटरमधली वाटीभर बिअर घातली, काही तासांनी आणखी एक वाटी, म्हणजे यीस्टला अल्कोहोलची सवय होते. दोन्हींचं तापमान 21 वर जुळवलं आणि फेस अगदी वर आलेला असताना, यीस्ट ऐन भुकेत असताना, सगळा स्टार्टर भांड्याच्या कडेवरून हळूच आत सोडला. फेस बसलेला स्टार्टर घालण्यात अर्थ नाही, कारण ते यीस्टही झोपायच्या तयारीत असतं.

खर्चाचं म्हणाल तर यीस्टची दोन पाकिटं आणि थोडी माल्टची भुकटी. अख्खी बॅच ओतून देण्यापुढे हे काहीच नाही. गरम पट्टा हा मोठा खर्च, पण तो पुढेही उपयोगी पडतो.

मग थांबणं. पहिले दोन दिवस नमुना काढायचा मोह आवरणं कठीण गेलं. नंतर मोजलं तेव्हा 1.016, मग 1.013, मग 1.012. तीन दिवसांच्या अंतराने पुन्हा 1.012. चाचणीतल्या बाटलीने सांगितलं होतं तेच.

लोण्याचा वास

तरी घाई केली नाही, कारण शेवटच्या नमुन्यात लोण्यासारखा पुसटसा वास येत होता. तो डायअसेटिलचा. आंबताना यीस्ट त्याचा कच्चा घटक बाहेर सोडतं, त्याचं हळूहळू डायअसेटिल होतं आणि मग यीस्टच ते परत शोषून घेतं, पण त्यासाठी ऊब आणि वेळ हवा. हिरव्या सफरचंदासारखा वास आला तर तो असेटाल्डिहाइडचा, त्यालाही बहुधा हाच उपाय. आत्ता न जाणवणारं डायअसेटिल नंतर बाटलीत उगवू शकतं, म्हणून त्याचीही चाचणी असते. दोन झाकणबंद बरण्यांत थोडी थोडी बिअर घ्यायची. एक बरणी 60 ते 70 अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायची, मग थंड करून दोन्ही हुंगायच्या. गरम केलेल्या बरणीत लोणी आलं तर अजून थांबायचं. माझ्या बरणीत आलं, चांगलंच आलं. बिअर 21 अंशांवरच राहू दिली. पुढच्या वेळी दोन्ही बरण्यांत फक्त माल्ट आणि हॉप्सचा वास होता.

बाटल्या भरण्याची घाई का जिवावर बेतू शकते, हे आकड्यातच सांगायला हवं. वायू धरण्यासाठी आपण लिटरला साधारण 6 ते 7 ग्रॅम साखर घालतो. 1.021 आणि 1.012 यांच्यामध्ये जी साखर दडलेली होती ती याच्या जवळपास तिप्पट. बॅच 1.021 वर संपली असं समजून ती साखर घालून बाटल्या भरल्या असत्या, आणि बाटलीत यीस्ट जागं झालं असतं, तर काच फुटली असती. अडकलेली बिअर कितीही दिवस स्थिर दिसली तरी कारण सापडल्याशिवाय काचेत भरू नये.

बाटल्या भरल्या त्या दिवशी काचेच्या बाटल्यांसोबत एक प्लॅस्टिकची सोड्याची बाटलीही भरली. ती दाबून आत किती वायू धरलाय ते बोटांना कळतं. पहिले काही दिवस ती मऊ होती, दुसऱ्या आठवड्यात दगडासारखी कडक झाली, तेव्हा काचेतली एक थंड करून उघडली. फेस बारीक आणि टिकणारा, चव कोरडी, हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ. लोण्याचा मागमूस नाही.

आता यीस्ट घालतानाच अर्धा लिटर वर्ट वेगळ्या बाटलीत भरपूर यीस्टसह उबेला ठेवतो. मुख्य बॅच निम्म्यावर असतानाच ती बाटली शेवटचा आकडा सांगून मोकळी होते. आणि फेस बसायला लागला की गरम पट्टा आधीच लावून ठेवतो, खोली गार पडायची वाट न पाहता.